जिजीचा झिरा

उपाशीपोटी कुणी बोगद्यात शिरायचं नाही, असा जिजीचा कायदा होता, आणि साइटवर लावलेल्या सगळ्या छापील नियमांपेक्षा तो कडक होता. हेल्मेट विसरलेला एखादा गडी सुपरवायझरच्या डोळ्यांत धूळ फेकून आत गेलाही असेल, पण न जेवलेला माणूस जिजीला चुकवून कधी गेला नाही. बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती आणि शेडच्या कोपऱ्यात तिची चूल. पाळी बदलायच्या वेळी ती कमरेवर हात ठेवून वाटेत उभी राही आणि येणाऱ्याच्या तोंडाकडं नुसतं बघून ओळखी. "जेवलास का रं?" "खाया, जिजी." "कवा? काल?" की लगेच हातात नागलीची अर्धी भाकरी आणि वर खुरासणीची काळी चटणी. एकदा दिल्लीहून बडे पाहुणे बोगदा बघायला आले. कडक इस्त्रीचे कपडे, मागंपुढं फोटोवाले. जिजीनं त्यांनाही अडवलं. "डोंगराच्या पोटात जायचं तं आपलं पोट भरलेलं पायजे. रिकामं पोट बघून डोंगराला बी भूक लागते," ती म्हणाली. आमच्या मोठ्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाहुण्यांनी मात्र हसत भाकरीचा तुकडा मोडला, चटणीनं त्यांचे डोळे भरून आले, आणि जाताना त्यांनी बोगद्यापेक्षा भाकरीचीच जास्त चौकशी केली.

मुंबईहून रेल्वेनं नाशिकला येणाऱ्याला कसाऱ्याचा घाट सांगायला नको. गाडी थांबते, मागं जादा इंजिनं लागतात आणि ती ढकलत ढकलत गाडीला इगतपुरीपर्यंत वर आणतात. हे ढकलणं संपावं म्हणून डोंगराच्या पोटातून सौम्य चढाचा एक लांबलचक बोगदा काढायचं काम निघालं. मी त्या कामावर सर्व्हेचा इंजिनिअर होतो. दोन बाजूंनी खोदत येणारी माणसं मधे कुठं चुकामूक न होता एकमेकांना भेटावीत, एवढं बघणं हे माझं काम. माझं घर नाशिकला, मखमलाबाद रस्त्याला आमचा भाजीचा मळा. सुटी संपवून परतताना आई मेथी-शेपूच्या जुड्या बांधून द्यायची. त्या मी जिजीपुढं टाकल्या की ती एकेक काडी उलटीपालटी करून बघे आणि म्हणे, "नाशिककर, तुमच्या भाजीला नळाच्या पान्याचा वास येतो." मग तीच भाजी चाटूनपुसून खाई. तिच्या तोंडून 'साहेब' मी कधी ऐकलं नाही. तिच्या लेखी मी 'नाशिककर' होतो आणि त्यात थोडी कीव असे, कारण पाणी म्हणजे काय हे नाशिककराला कधी कळणार नाही असं तिचं ठाम मत होतं.

उंच, काटक बाई. हनुवटीवर गोंदण, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालीच खोचलेली, आवाज असा की डंपरच्या घरघरीवरून पलीकडं जावा. ती आधी टोपलीत भाकऱ्या घेऊन विकायला येत असे. झारखंड-ओडिशाची पोरं मेसचा पातळ वरणभात सोडून तिच्याभोवती बसायला लागली, तेव्हा कंपनीनं शहाणपणा करून तिला कामावरच घेतलं. त्या पोरांना मराठी येत नव्हतं आणि जिजीला हिंदी शिकायची गरज वाटली नाही. ती सगळ्यांशी मराठीतच बोले, फक्त जरा मोठ्यानं. महिनाभरात ओडिशाची पोरं "जिजी, कालवन वाढ" म्हणू लागली. तिचा एकुलता एक मुलगा सोमा बोगद्यातच कामाला होता. खोदलेल्या खडकावर सिमेंटचा फवारा मारतात, त्या पंपावर. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला. घरात आणखी सून, मंगल.

स्फोटाच्या आधी भोंगा वाजे. आतली माणसं बाहेर येत, सगळे जण कानांवर हात ठेवून उभे राहत. जिजी हातातली भाकरी परातीत ठेवी, वाकून जमिनीला हात लावी आणि हळूच म्हणे, "सोस, माय." मग पोटातून आल्यासारखा धडाका होई, शेडचे पत्रे थरथरत आणि जिजी पुन्हा भाकरी थापायला घेई. पहिले काही दिवस पोरं हसली. नंतर बघतो तर सुरुंग भरणारा गडीही भोंग्याबरोबर खाली वाकतो आहे. त्याला मी विचारलं, तर लाजून म्हणाला, "जिजी करती है, तो करते हैं." मीसुद्धा करायला लागलो होतो. सर्व्हेच्या यंत्राला डोळा लावून बसलेला माणूस जमिनीची माफी मागतो, हे बघून कुणी मला हसलं नाही, कारण सगळेच वाकलेले असत.

पण जिजीची खरी मिजास होती ती तिच्या झिऱ्याची. इगतपुरीकडचा पाऊस म्हणजे चार महिने आभाळ फाटलेलं. आणि होळी उलटली की त्याच डोंगरांवरच्या बाया हंडे घेऊन उन्हात वणवण फिरतात. जिजीची वाडी तेवढी याला अपवाद होती. वाडी अगदी आमच्या बोगद्याच्या डोक्यावर, डोंगराच्या खांद्याला. वाडीच्या मागं खडकाच्या कपारीतून अंगठ्याएवढी धार बारा महिने पडे. शेजारी शेंदूर फासलेले साती आसरांचे, पाण्याच्या देवींचे, दगड. जिजी सांगे, "आमच्या वाडीत पोरगा काळा हाय का गोरा, कुनी इचारत नाय. झिऱ्याची वाडी म्हनलं की पोरीची आय लगेच व्हय म्हनते." तिचं स्वतःचं लग्नही असंच झालेलं. "माज्या बानं नवरा नाय बघितला, झिरा बघितला. नवरा गेला, झिरा राह्यला," असं ती हसत सांगे. सकाळी खाली येताना डोक्यावर त्या पाण्याचा हंडा असे. त्यातून चहा व्हायचा आणि पिण्यापुरतं वाटलं जायचं. त्या पाण्यानं कुणी हात धुवायला गेला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

आमच्या मळ्यात विहिरीला पाणी लागलं तेव्हा वडलांनी पेढे वाटले होते. बोगद्याला पाणी लागलं की मोठ्या साहेबांचे फोन वाजू लागतात. दुपारच्या पाळीत खडकात भोक पाडणाऱ्या यंत्राची सळई मागं घेतली आणि त्या भोकातून पाण्याची पिचकारी सुटली. समोरचे दोघे गडी आडवे झाले, सुदैवानं लागलं कुणाला नाही. मग शेजारच्या भेगेतूनही पाणी सुटलं. आत जाऊन बघितलं तर घोट्यापर्यंत पाणी, बर्फासारखं गार आणि एवढं स्वच्छ की बॅटरीच्या उजेडात तळाचे खडे दिसत होते. पंप लागले, काम थांबलं, आणि बोगद्याच्या कडेनं काढलेल्या चरातून ते पाणी बाहेर येऊन ओढ्यात जाऊ लागलं. येईपर्यंत सिमेंट आणि दगडाची भुकटी मिसळून त्याचा रंग ताकासारखा होई. जिजी चुलीपाशी उभी राहून त्या चराकडं बघत होती. "येवढं पानी कुनाचं रं?" तिनं सोमाला विचारलं. सोमा म्हणाला, "डोंगराचं." तिनं मान हलवली आणि भाकरी उलटली.

पुढं काही दिवसांनी सकाळचा चहा वेगळा लागला. मी पेला खाली ठेवून म्हटलं, "जिजी, आज चहाला काय झालं?" ती चुलीत फुंकर घालत होती. वर न बघता म्हणाली, "चहाला काय नाय झालं. टँकरचं पानी हाय." मला वाटलं हंडा सांडला असेल. म्हटलं, "झिऱ्याचं संपलं का?" तेव्हा ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "धार आधी करंगळीयेवढी झाली. मंग सुतायेवढी. आज खडक नुसता घामेजलाय." ती मला एवढी म्हातारी कधी दिसली नव्हती. तिच्या हातचा तो पहिलाच चहा मला संपवता आला नाही.

वाडीनं तिला सोडलं नाही. मुलगा बोगद्यात, आई बोगद्याच्या दारात चूल मांडून बसलेली. शेजारची चांगुणा तिची बालपणापासूनची मैत्रीण, एकाच गावातून दोघी या वाडीत सून म्हणून आलेल्या. तीच भर वाटेत म्हणाली, "तूच भाकरी घालून घालून राक्षस पोसलास. त्यानं आपलं पानी पिलं." जिजीनं हे मला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "खोटं तरी कसं म्हनू?" आणि मग विचारलं, "नाशिककर, मोठ्या साहेबाकडं न्हेता का?"

मी तिला घेऊन गेलो. आमचे मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, ती खाली बसली. त्यांनी वाडीला रोज टँकर पाठवायचं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. जिजी म्हणाली, "टँकर आला तं तहान भागंल. पन टँकरच्या वाडीला लेक कोन देईल, साहेब?"  मग त्यांनी तिला समजावून सांगितलं की बोगदा आरपार झाला की आतून सगळीकडं जाड प्लास्टिकचा पडदा लावतात, त्यावर काँक्रीटचं अस्तर घालतात. पाणी गळायचं थांबतं. मग डोंगरात साठत साठत ते बहुतेक पुन्हा वर चढेल आणि झिरा वाहू लागेल. त्या 'बहुतेक'सकट सगळं मी ऐकलं. जिजीनं 'बहुतेक' तिथंच सोडलं आणि बाकीचं गाठीला बांधून घरी नेलं.

त्या दिवसापासून तिच्या अंगात वारं शिरलं. बोगदा लवकर पुरा व्हायला हवा, कारण तो पुरा झाला की झिरा परत येणार! आम्हा सगळ्यांत बोगद्याची घाई तिच्याइतकी कुणालाच नव्हती. एका चुलीच्या दोन चुली झाल्या, भाकऱ्यांच्या चवडी वाढल्या. पाळी संपवून कुणी सावलीत टेकला की ती ओरडे, "उठ रं, हात चालीव. माजं पानी अडकलंय आत." मला रोज विचारी, "पलीकडचे कुठवर आले?" मी सांगे. ती बोटानं चुलीच्या राखेत दोन रेघा समोरासमोर ओढून मधलं अंतर बघत बसे. वाडीला हे कळेना. झिरा खाणाऱ्यांना ही बाई आणखी जोरात खाऊ घालते म्हटल्यावर वाडीनं तिच्याशी बोलणंच टाकलं.

अशात मंगल बाळंत झाली. मुलगी झाली. आपल्याकडं सव्वा महिन्यानं बाळंतीण पाणी पुजते. विहिरीवर नाहीतर झिऱ्यावर जायचं, पाच खडे मांडून हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा, सवाष्णींनी बाळंतिणीची ओटी भरायची, आणि भरलेली कळशी डोक्यावर घेऊन तिनं घरी यायचं. त्याआधी तिनं घरातल्या पाण्याला हात लावायचा नसतो. वाडीतल्या प्रत्येक बाईनं हे झिऱ्यावर केलं होतं. आता मंगलनं काय पुजायचं? कुणी म्हणालं टँकरची टाकी पुजा.  दुसऱ्या दिवशी ती फोरमनसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझी सून बोगद्याच्या तोंडाशी चरातलं पाणी पुजणार आहे, डंपर थांबवा.

फोरमन हिमाचलचा, आयुष्य बोगद्यांत गेलेला. बाईमाणूस बोगद्यापाशी आलं की डोंगर कोपतो, अशी या लोकांची समजूत असते. जिजीला त्यांनी बाई मानणं कधीच सोडून दिलं होतं, पण ओली बाळंतीण म्हटल्यावर तो गडबडला. 'अपशकुन' हा शब्द त्यानं उच्चारला मात्र, जिजी कडाडली. "तुमी डोंगराला भोक पाडलं ते शुभ, आनि माजी सून पान्याला कुंकू लावनार ते अशुभ?" मी हे त्याला हिंदीत सांगायला तोंड उघडलं, तर तो हात वर करून म्हणाला, "समझ गया, साब." पूजेच्या दिवशी त्यानं स्वतः उभं राहून डंपर थांबवले, आणि पोरांनी चराची कड झाडून तिथं पाणी मारलं.

जिजी आणि मंगल आल्या. मंगलच्या डोक्यावर रिकामी कळशी, जिजीच्या कडेवर नात. पण सवाष्णी कुठून आणायच्या? जिजी विधवा, तिला ओटी भरता येईना. तिनं वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन बोलावणं केलं होतं. "गटारातल्या पान्याची कसली पूजा?" म्हणून सगळ्यांनी पाठ फिरवली होती. चराच्या काठी पाच खडे मांडून दोघी बसून राहिल्या. मूल रडायला लागलं. बोगद्याची सगळी पाळी हेल्मेट हातात घेऊन लांब उभी होती, आणि काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं. जिजी म्हणाली, "मंगल, तूच लाव कुंकू. पान्याला सवाष्न लागत नाय, ते सगळं बघतंय." तेवढ्यात वरच्या पायवाटेवर लुगडी दिसली. चांगुणा पुढं होती, मागं वाडीतल्या चार-पाच जणी. त्या तिथंच थबकल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग चांगुणा एकटी उतरली, चरापाशी आली, आणि त्या पांढुरक्या पाण्यात तिनं हात घातला. गार पाण्यात मनगटापर्यंत हात तसाच धरून ती मोठ्यानं रडायला लागली. वाईट घरी दिलेली लेक बऱ्याच दिवसांनी भेटावी, तशी रडली. तिला बघून बाकीच्या उतरल्या. ओटी भरली गेली, पण बाळाच्या कौतुकाला आल्यासारखी त्यांच्यापैकी एकही वाटत नव्हती. जिजी तेवढी रडली नाही. ती सगळ्यांना सांगत होती, "अगं, येनार हाय वर. साहेबांनी सांगितलंय. थोडंच राह्यलंय आता." मंगलनं कळशी भरली आणि ती डोक्यावर घेऊन डोंगर चढली. ते पाणी कुणाला पिता येणार नव्हतं, तरी चांगुणानं वाटेत एक थेंब सांडू दिला नाही.

बोगदा आरपार झाला त्या दिवशी मी फार खूश होतो, खोटं कशाला बोलू? दोन्ही बाजू अगदी समोरासमोर आल्या होत्या. मधला शेवटचा खडक ढासळला, पलीकडचा वारा अंगावर आला, पोरं एकमेकांना मिठ्या मारून नाचली. हार, पेढे, भाषणं. जिजीला आग्रहानं बोलावून व्यासपीठावर बसवलं, शाल दिली. दोन शब्द बोला म्हणाले. जिजीनं माईक हातात घेतला, साहेबांकडं वळून विचारलं, "आता पानी कधी सोडनार?" मंडपात हशा पिकला. पाहुण्यांना वाटलं, बाईनं पिण्याचं पाणी मागितलं. कुणीतरी धावत बाटली आणून दिली. तिनं ती मुकाट्यानं मांडीवर ठेवली. मला हसू आलं नाही आणि तिथं बसवेना म्हणून मी मंडपाबाहेर गेलो.

अस्तराचं काम सुरू झालं तसा चर आटत गेला. एक दिवस तो अगदी कोरडा पडला. आमची तपासणी करणाऱ्या मंडळींनी भिंतींवरून हात फिरवून पाहिला, कुठं ओल नाही म्हणून शाबासकी दिली. जिजीनं चरात उतरून कोरड्या तळाला हात लावला आणि माझ्याकडं बघून हसली. "चढाया लागलं," ती म्हणाली. तिचं काम संपलं होतं. पोरं एकेक करून दुसऱ्या बोगद्यांवर निघून गेली. जाताना सगळी तिच्या पाया पडली. ती प्रत्येकाला म्हणाली, "पुढल्या टायमाला ये. झिऱ्याचा चहा पाजते."

मीही नाशिकला परतलो. पावसाळ्यात तिचा फोन आला, सोमानं लावून दिलेला. ती अक्षरशः किंचाळत होती. "नाशिककर, आली धार! अंगठ्यायेवढी आली!" मी सुटी काढून गेलो. खरोखर धार पडत होती. साती आसरांना नवा शेंदूर लागला होता. तिनं मला पोटाला तडस लागेपर्यंत चहा पाजला, चांगुणा शेजारी बसून हसत होती. दोघींनी पुन्हा एकमेकींचा हात धरलेला बघून मला फार बरं वाटलं. उतरताना आमचे जुने भूगर्भतज्ज्ञ मनात आले. ते म्हणायचे, पावसाळ्यातली धार खरी धरू नये, दिवाळीनंतर बघावं. मी ते मनातच ठेवलं. दिवाळी झाली, दत्तजयंती झाली, आणि धार गेली. सुरुंगांनी आतल्या भेगा हलल्या असतील, पाण्यानं दुसऱ्या कुठल्यातरी दरीची वाट धरली असेल, असं ते तज्ज्ञ नंतर मला म्हणाले. काम संपल्यावर टँकरही बंद झाला होता.

मग वाडी उठायला लागली. उतरायला कुणाला आवडत नव्हतं, पण पाण्यावाचून किती दिवस काढणार? कुणी घोटीला गेलं, कुणी इगतपुरीत. सोमानं सातपूरला कारखान्यात काम धरलं, मंगल आणि मुलीला घेऊन खोली केली. मी त्याच्याबरोबर जिजीला आणायला वर गेलो. घराला कुलूप लावायचं, तिचं बोचकं उचलायचं, एवढंच बाकी होतं. ती झिऱ्यापाशी बसली होती. कपार कोरडी ठाक. सोमानं विनवलं, रागावला, शेवटी रडला. मी म्हटलं, "जिजी, पाणी आलं तर आपण येऊ की परत. कुणीतरी कळवेल." ती म्हणाली, "कोन कळवील? सगळी तं चालली. ते वर येईल, बघंल, घरात कुनी नाय, दिवा नाय. मागं फिरंल ना ते!"  अख्ख्या जगात त्या पाण्याची वाट बघणारं एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि तिला तिथून हलवायचा अधिकार आपल्याला नाही असं मला वाटलं. सोमा तिला किराणा देऊन एकटाच उतरला. चांगुणाही मागंच राहिली. लेकाकडं करमत नाही म्हणाली. दोघी म्हाताऱ्या खालच्या ओढ्यावरून कळशीनं पाणी आणत, आणि तोही आटला की सोमा जमेल तसं पोचवी.

जिजी वैशाखात गेली. झिऱ्याकडं जायच्या वाटेवरच बसली आणि तशीच कलंडली, असं चांगुणानं सांगितलं. सोमाचा फोन आल्यावर मी निघालो. इगतपुरीत तो पिकअप घेऊन थांबला होता. मागं फुलं, बांबू, मडकं, आणि विकतच्या पाण्याचे जार.  वर पोचलो तर वाडीतली मंडळी ठिकठिकाणाहून आली होती. बंद घरांच्या ओसऱ्यांवर बसली होती. सगळ्यांना तहान लागलेली आणि मागायची सगळ्यांना लाज वाटत होती. बायांनी अंगणात पाट मांडला, जिजीला त्यावर टेकवून बसवलं. सोमानं जारचं झाकण फोडलं. मंगलनं तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि सासूच्या डोक्यावर धरला. तेवढ्यात चांगुणानं तिचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी रोजचा. "हळू, पोरी. जपून घाल. येवढ्या मानसांना अजून प्यायचंय."

मंगलनं तांब्यातलं निम्मं पाणी परत जारमध्ये ओतलं, आणि उरलेल्यात जिजीची आंघोळ आटोपली.